सेवाक्लबातील स्नेहभाव आणि सदस्यवार्ता : एक समाजशास्त्रीय विवेचन

प्रस्तावना

'फेलोशिप' हा शब्द महाविद्यालयीन अध्यापकाच्या कानावर पडला की त्याला प्रथम आठवते ती विद्यापीठ अनुदान आयोगाची संशोधनवृत्ती. रोटरी क्लबच्या सभेच्या निमंत्रणपत्रिकेवर मात्र पुष्कळदा शेवटची ओळ 'सभेनंतर फेलोशिप' अशी असते आणि तिचा व्यवहारातील अर्थ चहापान किंवा भोजन एवढाच असतो. त्याच क्लबचा एखादा सदस्य 'पॉल हॅरिस फेलो' म्हणून गौरविला जातो, तेव्हा त्याने अथवा त्याच्या नावे कोणी रोटरी फाउंडेशनला एक हजार डॉलरची देणगी दिली आहे, असा त्याचा अर्थ असतो. ही गौरवपद्धती १९५७ पासून रूढ आहे. एकाच शब्दाचे हे वेगवेगळे अर्थ पाहता सेवाक्लबाच्या परिभाषेत 'फेलोशिप' या शब्दाने नेमके काय अभिप्रेत आहे, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा ठरतो.

महाराष्ट्रातील शहरांतून व तालुक्याच्या गावांतून रोटरी, लायन्स, जायंट्स यांसारख्या सेवासंस्थांचे क्लब कार्यरत आहेत. स्थानिक वृत्तपत्रांतून 'रो.' व 'ला.' ही नावामागील उपपदे वाचकांच्या परिचयाची झाली आहेत. रक्तदान शिबिरे, नेत्रतपासणी, वक्तृत्व स्पर्धांची पारितोषिके, ग्रंथालयास दिलेली पुस्तके अशा निमित्तांनी महाविद्यालयांचा या क्लबांशी संबंध येतो आणि अनेक अध्यापक त्यांचे सदस्यही असतात. या संस्थांच्या सेवाप्रकल्पांविषयी पुष्कळ लिहिले जाते. मात्र क्लबच्या वार्तापत्रात, म्हणजे सदस्य ज्याला 'बुलेटिन' म्हणतात त्यात, दर अंकी छापल्या जाणाऱ्या वाढदिवस, विवाहदिन, अपत्यांचे यश, परदेशप्रवास, आजारपण व निधन यांच्या नोंदींकडे अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही. हा मजकूर पान भरण्यापुरता असतो असाच सर्वसाधारण समज आहे.

प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली आहे. सदस्यवार्ता ही सेवाकार्याची पूर्वतयारी असते, हा लेखाचा पहिला मुद्दा होय. ज्या यादीमुळे परस्परांची काळजी घेणे शक्य होते, त्याच यादीमुळे कोणाची काळजी घ्यावयाची नाही हेही ठरत जाते, हा दुसरा. या दोन्ही गोष्टी ज्या कागदात नोंदल्या गेल्या तो कागदच आता नाहीसा होत आहे, हा तिसरा मुद्दा असून त्याचा महाविद्यालयांशी थेट संबंध आहे. विवेचनासाठी मुख्यतः रोटरी या सर्वांत जुन्या सेवाक्लबाचे उदाहरण घेतले आहे.

'फेलोशिप' : शब्द आणि आशय

इंग्रजीतील 'फेलो' हा शब्द प्राचीन नॉर्स भाषेतील 'फेलागी' या शब्दापासून आला आहे. सामाईक उद्योगात आपले द्रव्य मांडणारा भागीदार, हा त्याचा मूळ अर्थ. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी केवळ मैत्री नसून विश्वासाने केलेली गुंतवणूक आहे. मराठीत त्यासाठी बंधुभाव, सहभाव, स्नेह, संगत असे अनेक शब्द सुचतात, परंतु भागीदारी व स्नेह या दोन्ही छटा एकत्र आणणारा एकच शब्द सहजी सापडत नाही. कदाचित म्हणूनच मराठी भाषक सदस्यांनी मूळ शब्दच स्वीकारला आणि त्याचा अर्थ भोजनापर्यंत आकुंचित झाला. एकत्र जेवणे ही स्नेहाची सर्वांत दृश्य खूण असल्याने हा संकोच अनाकलनीय मात्र नाही. विशेषतः ज्या समाजात पंक्तीला कोणी कोणासोबत बसावे याचे नियम दीर्घकाळ जातीने ठरविले, तेथे निरनिराळ्या व्यवसायांतील माणसांनी दर आठवड्याला एका टेबलाशी बसून जेवणे ही लहान घटना नव्हती.

स्नेहाकडून सेवेकडे : ऐतिहासिक क्रम

रोटरीची पहिली बैठक २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरातील युनिटी बिल्डिंगमध्ये झाली. वकील पॉल हॅरिस, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील, खाणअभियंता गुस्टाव्हस लोअर आणि शिंपीव्यवसायातील हायरम शोरी हे चौघे त्या बैठकीस उपस्थित होते. लहान गावात वाढलेल्या हॅरिस यांना महानगरातील एकटेपणा जाणवत होता व गावाकडच्यासारखी ओळखपाळख शहरातही निर्माण व्हावी, ही त्यांची मूळ इच्छा होती. आळीपाळीने प्रत्येकाच्या कार्यालयात बैठक भरवावयाची, या फिरत्या क्रमावरून 'रोटरी' हे नाव आले. प्रत्येक व्यवसायातून एकच सदस्य घ्यावयाचा, हा 'वर्गीकरणा'चा नियमही याच काळातील आहे. सदस्यांमध्ये स्पर्धा राहू नये आणि परिचयाचा परीघ मात्र रुंदावा, असा त्यामागील हेतू होता. पुढील काळात तो बराच शिथिल होत गेला.

आरंभीच्या या क्लबमध्ये समाजसेवेचा उद्देश नव्हता, ही बाब येथे महत्त्वाची आहे. सदस्यांनी परस्परांना धंदा मिळवून द्यावा व स्नेह वाढवावा, एवढीच दोन उद्दिष्टे होती. १९०६ मध्ये डोनाल्ड कार्टर या एकस्वविषयक कायद्याच्या वकिलास सदस्यत्वाचे निमंत्रण देण्यात आले, तेव्हा केवळ स्वतःपुरते पाहणाऱ्या संस्थेत आपणास स्वारस्य नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. परिणामी शहराच्या हिताचे तिसरे उद्दिष्ट घटनेत समाविष्ट झाले आणि त्यानंतर कार्टर सदस्य झाले. १९०७ मध्ये शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह उभारण्याचा प्रकल्प क्लबने हाती घेतला. रोटरीचे ते पहिले सेवाकार्य मानले जाते.

लायन्सचा प्रवासही याच स्वरूपाचा दिसतो. शिकागोतील विमाव्यावसायिक मेल्व्हिन जोन्स यांनी व्यापाऱ्यांच्या एका मंडळातून १९१७ मध्ये या चळवळीची उभारणी केली. १९२५ च्या अधिवेशनात हेलन केलर यांनी केलेल्या आवाहनानंतर दृष्टिहीनांसाठी कार्य करणे ही लायन्सची ओळख बनली. भारतात पहिला रोटरी क्लब कलकत्त्यात १९१९ मध्ये स्थापन झाला आणि मुंबईचा क्लब १९२९ मध्ये. लायन्सचा भारतातील पहिला क्लब १९५६ मध्ये मुंबईतच निघाला. याच शहरात नाना चुडासामा यांनी १९७२ मध्ये जायंट्स ही सेवासंस्था स्थापन केली.

शिकागोची पहिली बैठक झाली त्याच वर्षी, १२ जून १९०५ रोजी, पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली, हा योगायोग उद्बोधक आहे. गोखल्यांच्या संस्थेतील सदस्य स्वतःसाठी द्रव्यार्जन न करण्याची व जातिधर्मनिरपेक्ष बंधुभावाची प्रतिज्ञा घेऊन पूर्णवेळ कार्यास वाहून घेत. तेथे सेवेचे व्रत आधी होते आणि सहजीवनातून येणारा स्नेह नंतरचा. रोटरीत हा क्रम उलटा आहे. तेथे माणूस आपला व्यवसाय व संसार सांभाळून आठवड्यातील तासभर देतो, प्रथम ओळख होते आणि ओळखीतून सेवेची शक्यता निर्माण होते. रोटरीच्या घोषित उद्दिष्टांत सेवेची संधी म्हणून परिचय वाढविणे, या कलमाला पहिले स्थान आहे. व्रताचे बंधन नसलेल्या संस्थेला आपले सदस्य टिकवून धरण्यासाठी दुसरे काही बंधन लागते. सदस्यवार्ता हे ते बंधन होय.

सदस्यवार्तेचे स्वरूप

क्लबच्या वार्तापत्राची रचना सर्वत्र जवळपास सारखीच आढळते. अध्यक्षांचे मनोगत, मागील सभेचा वृत्तान्त, पुढील सभेच्या वक्त्याचा परिचय आणि प्रकल्पांची छायाचित्रे यांनंतर सदस्यांविषयीच्या नोंदी येतात. या नोंदींचे पाच गट पाडता येतील.

पहिला गट उपस्थितीचा. अमुक सभेस किती सदस्य उपस्थित होते, याची टक्केवारी छापली जाते. एखादा सदस्य परगावी असल्यास तेथील क्लबच्या सभेस हजर राहून तो आपली अनुपस्थिती ठरावीक मुदतीत भरून काढू शकतो. यास 'मेक-अप' असे म्हणतात. दुसरा गट शुभदिनांचा असून त्यात सदस्य व त्यांच्या जोडीदारांचे वाढदिवस आणि विवाहदिन येतात. तिसरा गट प्राप्तीचा. पदोन्नती, पुरस्कार, नवीन दवाखान्याचे अथवा दुकानाचे उद्घाटन, मुलामुलींचे परीक्षांतील यश हे त्याचे विषय. चौथा गट आगमन-निर्गमनाचा म्हणता येईल. त्यात नव्या सदस्याचा परिचय, पिन प्रदान केल्याची नोंद, बदली होऊन गेलेल्या सदस्यास दिलेला निरोप असतो. पाचवा गट दुःखवार्तेचा. आजारपण, शस्त्रक्रिया, आप्ताचे निधन आणि श्रद्धांजली यांचा त्यात समावेश होतो.

या लिखित वार्तेला सभेतील मौखिक प्रथांची जोड असते. रोटरीतील सार्जंट-अ‍ॅट-आर्म्स आणि लायन्समधील टेल ट्विस्टर हे पदाधिकारी सभेत विनोदाने लहानसहान दंड आकारतात. वाढदिवस लपविला, वर्तमानपत्रात छायाचित्र आले, नवे वाहन घेऊनही कळविले नाही, अशी कोणतीही कारणे त्यासाठी पुरतात. वरवर थट्टेच्या वाटणाऱ्या या प्रथेमागे एक गंभीर अपेक्षा दडलेली आहे. आपल्या आयुष्यातील घडामोड सदस्याने क्लबला सांगितली पाहिजे, ही ती अपेक्षा. दंडाची रक्कम नगण्य असते, परंतु न सांगणे ही चूक मानली जाते.

वार्षिक सदस्य-निर्देशिका हे याच वार्तेचे संकलित रूप होय. सदस्याचे नाव, व्यवसाय, जन्मदिनांक, विवाहदिनांक, जोडीदाराचे नाव आणि अनेक ठिकाणी रक्तगट एवढी माहिती तीत एका ओळीत मावते.

सदस्यवार्तेचे कार्य

मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये भाषेच्या एका विशिष्ट उपयोगाकडे लक्ष वेधले. माणसे कित्येकदा माहिती देण्यासाठी बोलत नाहीत, तर परस्परांशी बांधलेले आहोत हे जाणवावे म्हणून बोलतात. 'काय, जेवण झाले का?' या प्रश्नाला उत्तराची अपेक्षा नसते, हे प्रत्येक मराठी माणूस जाणतो. वार्तापत्रातील 'रो. अमुक यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' हे वाक्य याच जातीचे आहे. त्यातील माहिती सर्वांना आधीच ठाऊक असते. वाक्याचे कार्य 'तुमची नोंद आहे' एवढे सांगण्याचे असते.

मात्र सदस्यवार्ता एवढ्यावरच थांबत नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये 'दुर्बळ बंधां'च्या सामर्थ्याचा सिद्धान्त मांडला. जिवलग मित्रांची वर्तुळे एकमेकांत मिसळलेली असतात, त्यामुळे त्यांच्याकडून नवी माहिती कमी मिळते. याउलट जुजबी ओळखीची माणसे वेगळ्या वर्तुळांत वावरतात आणि नवी वार्ता, नवी संधी त्यांच्याकडून येते. एका व्यवसायातून एकच सदस्य, या मूळ नियमाने रोटरीने नकळत अशा दुर्बळ बंधांचे जाळेच विणले होते. सदस्यवार्ता हे बंध तुटू देत नाही.

याचा प्रत्यक्ष परिणाम एका कल्पित प्रसंगाने स्पष्ट करता येईल. तालुक्याच्या गावी रात्री अकरा वाजता एका प्रसूत मातेला दुर्मिळ गटाचे रक्त हवे आहे. क्लबचा सचिव निर्देशिका उघडतो. त्या गटाचे दोन सदस्य आहेत. त्यांपैकी एकाची गेल्याच महिन्यात शस्त्रक्रिया झाल्याचे वार्तापत्रात आले होते, म्हणून त्याला उठवायचे नाही. दुसरा मुलीच्या प्रवेशासाठी पुण्यास गेला होता, पण कालच्या सभेस उपस्थित असल्याची नोंद आहे, म्हणजे तो गावात आहे. त्याला दूरध्वनी जातो आणि तो येतो, कारण बोलावणारा अनोळखी नसतो. येथे निर्णयास उपयोगी पडलेली माहिती, शस्त्रक्रिया, प्रवास, उपस्थिती, ही सारी वार्तापत्राच्या त्या दुर्लक्षित पानावरची आहे.

मोठ्या प्रमाणावरही हेच घडते. रोटरीने १९८५ मध्ये 'पोलिओप्लस' कार्यक्रम सुरू केला. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओ मोहिमा राबविण्यात आल्या. देशातील शेवटचा नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या दक्षिण-पूर्व आशिया विभागासह भारतास पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. या यशाचा मुख्य वाटा शासकीय यंत्रणेचा, आरोग्यसेवकांचा व अंगणवाडी सेविकांचा आहे, हे निःसंशय. तथापि लसीकरणाच्या एका रविवारी वाहन, मांडव, बर्फ, चहा, ध्वनिक्षेपक आणि घरोघर निरोप देणारी माणसे लागतात. ज्या क्लबात डॉक्टर, वाहतूकदार, मंडपवाले आणि शिक्षक वर्षानुवर्षे परस्परांच्या घरच्या कार्यास जात आले आहेत, तेथे ही जुळवाजुळव लवकर होते. रॉबर्ट पटनम यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'बोलिंग अलोन' या ग्रंथात ज्याला 'सामाजिक भांडवल' म्हटले आहे, त्याचे हे स्थानिक रूप मानता येईल.

यादीबाहेरची माणसे

पटनम यांनीच सामाजिक भांडवलाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक आपल्यासारख्यांना घट्ट बांधणारे, दुसरे आपल्याहून भिन्न असणाऱ्यांपर्यंत सेतू उभारणारे. सदस्यवार्तेत हे दोन्ही प्रकार एकाच वेळी नांदतात आणि त्यांतील ताण दुर्लक्षून चालणार नाही.

स्त्रियांच्या उल्लेखांत तो सर्वाधिक स्पष्ट दिसतो. १९१४ मध्ये ह्यूस्टन येथील अधिवेशनास निघालेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या सदस्यांसोबत त्यांच्यापैकी एकाची पत्नी अ‍ॅन ब्रुनियर प्रवास करीत होत्या. त्यांना सहप्रवाशांनी 'रोटरी अ‍ॅन' म्हणावयास सुरुवात केली आणि सदस्यांच्या पत्नींसाठी तेच संबोधन रूढ झाले. भारतीय क्लबांच्या वार्तापत्रांत आजही पत्नी म्हणजे 'अ‍ॅन' आणि मुले म्हणजे 'अ‍ॅनेट' असे उल्लेख आढळतात. स्त्रीचा वाढदिवस यादीत होता, तिच्या हातचे पदार्थ कौतुकास पात्र होते, प्रकल्पांत तिचे श्रमही होते. सदस्यत्व मात्र नव्हते. इंग्लंडमध्ये मार्गारेट गोल्डिंग यांच्या पुढाकाराने १९२४ मध्ये मँचेस्टर येथे सुरू झालेली इनर व्हील ही संघटना रोटरी सदस्यांच्या पत्नींना व नातलग स्त्रियांना स्वतंत्र व्यासपीठ मिळावे, यासाठीच उभी राहिली.

कॅलिफोर्नियातील दुआर्ते येथील क्लबने १९७७ मध्ये तीन स्त्रियांना सदस्यत्व दिले, तेव्हा आंतरराष्ट्रीय मंडळाने १९७८ मध्ये त्या क्लबची सनद काढून घेतली. हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. केवळ पुरुष सदस्यांमुळे लाभणारा विशिष्ट स्नेहभाव हा बचावाचा एक आधार होता. कुटुंबासारख्या जवळिकीच्या संबंधांना जे घटनात्मक संरक्षण मिळते, ते क्लबला लागू होते काय, हे न्यायालयाने तपासले. काही क्लबांत वीसपेक्षा कमी तर काहींत नऊशेहून अधिक सदस्य आहेत, सदस्य सतत बदलत असतात, सभांना पाहुण्यांना मुक्त प्रवेश असतो, या गोष्टी पाहता हा संबंध त्या अर्थाने खाजगी नाही, असा निष्कर्ष काढून ४ मे १९८७ रोजी क्लबच्या बाजूने निकाल देण्यात आला. त्यानंतर १९८९ मध्ये रोटरीच्या विधिमंडळाने जगभरातील क्लबांना स्त्रियांसाठी सदस्यत्व खुले केले. २०२२-२३ या वर्षासाठी जेनिफर जोन्स या पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाल्या. स्त्री स्वतः 'रो.' झाली तेव्हा तिच्या पतीस काय म्हणावे, याचे उत्तर वार्तापत्राच्या जुन्या शब्दसंग्रहात नव्हते. शब्दांची ही अडचण म्हणजे जुन्या रचनेचीच अडचण होती.

स्नेहभावाच्या मर्यादेचे अधिक कठोर उदाहरण जर्मनीतील आहे. नोबेल पारितोषिकविजेते कादंबरीकार टोमास मान हे म्युनिक रोटरी क्लबचे १९२८ पासूनचे सदस्य होते. हिटलर सत्तेवर आल्यानंतर एप्रिल १९३३ मध्ये क्लबने त्यांना यादीतून वगळले. नव्या राजवटीशी जुळवून घेण्याच्या प्रयत्नात जर्मनीतील अनेक क्लबांनी ज्यू सदस्यांना दूर सारले. एवढे करूनही १९३७ मध्ये जर्मन क्लबांना विसर्जित व्हावेच लागले. अनेक वर्षे ज्यांच्यासोबत भोजन केले त्यांची नावे यादीतून काढून टाकण्यास एक पत्र पुरले. वार्तापत्र वाचताना त्यात कोण आहे याइतकेच कोण नाहीसे झाले आहे, हे पाहावे लागते ते यासाठीच.

महाराष्ट्राच्या संदर्भात हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात उपस्थित होतो. ज्ञातिमंडळांच्या मुखपत्रांतही विवाह, परीक्षांतील यश व निधनवार्ता छापल्या जातात, परंतु तेथील सदस्यत्व जन्माने ठरते. सेवाक्लबाने जन्माऐवजी व्यवसाय हा निकष मानला, ही निश्चितच पुढची पायरी होय. तथापि कोणते व्यवसाय 'वर्गीकरणा'त आले, हेही पाहिले पाहिजे. डॉक्टर, वकील, अभियंता, प्राध्यापक, उद्योजक, व्यापारी यांचा यादीत समावेश झाला. शेतमजूर, सफाई कामगार किंवा घरकाम करणारी स्त्री यांचा होणे कठीण होते. वार्षिक वर्गणी, भोजनाचा खर्च आणि सभेतील इंग्रजीचा वापर हे अलिखित निकष ठरले. त्यामुळे सेवा देणारे व घेणारे यांच्यातील अंतर कायम राहिले. लाभार्थीचे छायाचित्र वार्तापत्रात येते, पण बहुधा नावाशिवाय. सदस्याचा वाढदिवस येतो तो नावासह. रक्तदात्याची नोंद राहते, त्या प्रसूत मातेची राहत नाही.

बदलते माध्यम आणि हरवणारी नोंद

रोटरीच्या २०१६ च्या विधिमंडळाने साप्ताहिक सभेचे बंधन सैल करून महिन्यातून किमान दोन सभांची मुभा क्लबांना दिली. २०२० मधील महासाथीच्या काळात सभा पडद्यावर भरल्या. दरम्यान सदस्यवार्ता छापील अंकातून भ्रमणध्वनीवरील समूहांत स्थलांतरित होत गेली. वाढदिवसाच्या शुभेच्छा आता पहाटेच पोहोचतात. पूर्वी अंकासाठी आठवडाभर थांबावे लागे.

या बदलाचे लाभ उघड आहेत. निधनाची वार्ता अंत्यविधीपूर्वी कळते आणि रक्ताची मागणी तत्काळ सर्वांपर्यंत जाते. परंतु दोन गोष्टी हातातून निसटत आहेत. पहिली, निवड. संपादक वार्ता निवडून, पडताळून, एका ओळीत बसवून छापत असे. समूहावर एकाच मजकुराचे पन्नास प्रतिध्वनी उमटतात आणि त्यांत आजारी सदस्याची एक ओळ वाहून जाण्याची शक्यता असते. दुसरी, टिकाऊपणा. छापील अंक कपाटात राहतो. समूहावरील संदेश यंत्र बदलले की संपतात.

स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकास ही हानी जाणवल्यावाचून राहणार नाही. एखाद्या तालुक्याच्या गावात पहिले शुश्रूषागृह केव्हा निघाले, कोणत्या व्यवसायांना कधी प्रतिष्ठा मिळाली, मुली अभियांत्रिकीकडे केव्हा वळल्या, कोणाची मुले परदेशी स्थायिक झाली आणि वृद्ध आईवडील गावात एकटे केव्हापासून राहू लागले, या प्रश्नांची उत्तरे शासकीय दस्तऐवजांत एकत्र मिळत नाहीत. वार्तापत्राच्या शेवटच्या पानावर ती एकेका ओळीत विखुरलेली असतात. 'चि. अमुक उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस रवाना' ही ओळ एका घराची असते. वीस वर्षांच्या अंकांतून अशा ओळी एकत्र केल्या तर त्या गावाचा सामाजिक इतिहास हाती येतो. अर्थात या साधनाचा पक्षपात अभ्यासकाने लक्षात ठेवला पाहिजे. ती एका सुस्थित वर्गाने स्वतःविषयी केलेली नोंद आहे. त्यात अपयश, कर्ज, कलह क्वचितच आढळतील.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, सेवाक्लबातील स्नेहभाव हा सेवेचा अलंकार नसून तिचे साधन आहे आणि सदस्यवार्ता ही त्या साधनाची देखभाल होय. १९०६ मध्ये कार्टर यांनी घेतलेला आक्षेप मात्र आजही प्रत्येक क्लबला लागू आहे. वार्ता केवळ सदस्यांपुरती उरली, तर क्लब पुन्हा त्याच पहिल्या दोन उद्दिष्टांपाशी येऊन थांबतो. वाढदिवसाच्या यादीशेजारी शिबिरात मदत करणाऱ्या परिचारिकेचे, मंडप घालणाऱ्या कामगाराचे आणि संमती असल्यास लाभार्थीचे नाव छापणे ही लहान सुधारणा आहे. त्यासाठी घटनादुरुस्तीची किंवा निधीची आवश्यकता नाही.

महाविद्यालयांनाही या बाबतीत काही करता येण्याजोगे आहे. गावातील सेवाक्लबांची जुनी वार्तापत्रे, निर्देशिका व पदग्रहण समारंभांच्या स्मरणिका महाविद्यालयीन ग्रंथालयाने मागून घ्याव्यात. दूरध्वनी क्रमांक, आजारपण यांसारखा खाजगी तपशील जपून त्यांची सूची करावी. इतिहास व समाजशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी ही सामग्री उपयोगात आणावी. या वार्तापत्रांचे संपादन करणाऱ्यांत अनेकदा महाविद्यालयातील अध्यापकच असतात. जुने अंक आज बहुधा एखाद्या माजी सचिवाच्या माळ्यावर असतात आणि घर आवरताना रद्दीत जातात. ते तेथून ग्रंथालयाच्या कपाटात आणण्याचे काम गावातल्या गावात, एका दुपारी होण्यासारखे आहे.